उत्तर न बदलणारी माणसं

आमच्या भिलाईतल्या कोहक्याच्या घरी दर हिवाळ्यात सर्व्हेवाले येतात. बरीच वर्षं झाली, कुठल्याशा संस्थेने चिठ्ठ्या टाकून काही घरं निवडली, त्यात आमचं आलं. एकदा आलं म्हणजे आलं. दरवर्षी तीच घरं, तीच माणसं, तेच प्रश्न. यातून सुटायला एक तर मरावं लागतं, नाही तर लग्न करून दुसरीकडे जावं लागतं. माझी आई पहिल्या वाटेने सुटली. मी लग्न केलं नाही, त्यामुळे यादीत बाबा आणि मी असे दोघेच उरलो.

प्रश्न पुष्कळ असतात. खोल्या किती, पाणी कधी येतं, गेल्या वर्षात कोण आजारी पडलं. बाबा समोरच्या खोलीत खुर्चीवर बसून, पेपरची घडी मांडीवर ठेवून, सगळ्यांची उत्तरं देतात. अगदी शेवटाकडे तो प्रश्न येतो: एकंदर आपल्या आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? उत्तरं पाच, ती वाचूनच दाखवायची असतात. बहुत संतुष्ट, संतुष्ट, ठीक-ठाक, असंतुष्ट, बहुत असंतुष्ट. घरात मराठी आणि दारात हिंदी अशी आमच्या भिलाईची वाटणी असल्यामुळे बाबाही हिंदीत म्हणतात, "चल रहा है."

"मतलब ठीक-ठाक लिखूँ?"

"हाँ, वही."

मग माझी पाळी येते. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असते, कारण आलेल्या माणसाला चहा द्यायचा असतो आणि आमच्याकडे चहा मीच करते. दूध वर यायला लागलेलं असतं, गॅस सोडून बाहेर जाता येत नाही. तेवढ्यात बाहेरून बाबांचा आवाज ऐकू येतो, "इसका भी वही लिख दो."

मी कप घेऊन बाहेर येईपर्यंत सर्व्हेवाला पुढच्या पानावर गेलेला असतो.

बाबांना मी दोष देत नव्हते. 'चल रहा है' हे काही त्यांचं एकट्याचं उत्तर नाही. भंडाऱ्याकडून, गोंदियाकडून जी माणसं इथल्या पोलाद कारखान्यात कामाला आली, ज्याला सगळे नुसतं प्लांट म्हणतात, त्या सगळ्यांच्या घरात मी ते लहानपणापासून ऐकत आले. कसं काय? चालून राहिलं. पोराला नोकरी लागली तरी चालून राहिलं, पोराची नोकरी गेली तरी चालून राहिलं. बाबा कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर होते. शिफ्ट करून घरी यायचे तेव्हा भुवयांत काळं बसलेलं असायचं, आणि आईने विचारलं तर तेच. शेजाऱ्यांनाही तेच. विचारणाऱ्याला दारातल्या दारात वाटेला लावण्यासाठी इतकं सोयीचं उत्तर दुसरं नाही.

आई असताना तिला एका वर्षी सर्व्हेवाल्याने जरा खोदून विचारलं होतं. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "लय चांगलं हाय म्हटलं का नजर लागते. वाईट हाय म्हटलं का तुह्या बाबाले लागते. मंग काय सांगू?" तिने मधलं सांगितलं. पाच पर्यायांपैकी वरचे दोन नजरेने बंद केलेले, खालचे दोन नवऱ्याने. मधला एकटा उघडा. मला तेव्हा हसू आलं होतं.

आता गंमत पुढेच आहे. माझं पोट याच प्रश्नावर चालतं. मी जुनवानीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, आणि माझा संशोधनाचा विषय म्हणजे अशीच क्रमाने लावलेली उत्तरं, त्याच माणसांना वर्षानुवर्षं विचारलेली. माझी माहिती दुसऱ्या एका सर्व्हेची आहे, दूरच्या राज्यांतल्या, नावं काढून टाकलेल्या माणसांची. आमच्या घरच्या सर्व्हेशी तिचा काही संबंध नाही. बाबांना मी एकदा समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तू पीएचडी करून मास्तरीण झाली ते लोकायले 'कसं काय' पुसाले?" मी म्हटलं, पुसाले नाही, त्यांनी जे सांगितलं ते मोजाले. ते म्हणाले, "थे तं आनखीनच बेकार."

वर्गात मी पहिल्या तासाला सांगते की या पाच उत्तरांना एक ते पाच आकडे दिले म्हणून ते आकडे होत नाहीत. त्यांना क्रम आहे, अंतर नाही. 'असमाधानी'पासून 'ठीक'पर्यंत जितकं चालावं लागतं तितकंच 'ठीक'पासून 'समाधानी'पर्यंत चालावं लागेल, असं कुणी सांगितलं? माणसाच्या आत समाधान कमीजास्त होत असतं, सलग, दुधासारखं वर-खाली. ते आपल्याला दिसत नाही. ते एका विशिष्ट जागेच्या वर गेलं की माणूस 'ठीक'चं 'समाधानी' करतो. त्या जागेला इंग्रजीत जो शब्द आहे त्याला मी वर्गात उंबरठा म्हणते. पोरं हिंदीत शिकतात, तरी हा शब्द त्यांना आवडतो. त्यातल्या मराठी पोरी एकमेकींकडे बघून हसतात.

खरी अडचण पुढे आहे. प्रत्येकाचा उंबरठा वेगळ्या उंचीवर असतो. माझ्या बाबांचं 'चालून राहिलं' आणि आईचं 'चालून राहिलं' कागदावर एकाच चौकोनात पडलं, पण आत दोघांचं काय चाललं होतं ते एक नव्हतं. मग दोन माणसांची तुलना करायची कशी? तर करायचीच नाही. माणसाची तुलना त्याच्याशीच करायची. यंदाचा तो आणि गेल्या वर्षीचा तो. त्याचा स्वभाव, त्याचे संस्कार, नजरेची भीती, जे जे त्याच्यात कायमचं आहे ते दोन्ही वर्षी सारखंच असतं, म्हणून हिशेबातून आपोआप जातं. उरतो तो बदल. कोण कुठल्या वर्षी कुठला उंबरठा ओलांडून गेला, एवढंच बघायचं. फार सुंदर युक्ती आहे. मी ती शिकले तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता.

तिची किंमत अशी की ज्या माणसाने दरवर्षी एकच उत्तर दिलं, तो गळतो. त्याला कुणी हाकलत नाही. त्याच्या उत्तरातून शिकण्यासारखं काही नसतं, म्हणून तो बाजूला पडतो. सॉफ्टवेअर त्याची सूचनाही देतं, निकालाच्या वरच्या बाजूला एक साधी ओळ: उत्तरात बदल नसल्यामुळे इतकी माणसं वगळली. मी ती ओळ कितीदा पाहिली असेल त्याला गणती नाही. तिच्यावरून नजर खाली आकड्यांकडे जायची, जशी सगळ्यांची जाते. दुसरी एक पद्धत आहे, तिच्यात कुणी गळत नाही. पण तिच्यासाठी असं धरून चालावं लागतं की माणसाचा स्वभाव आणि त्याची परिस्थिती यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हे कोहक्यात कुणाला सांगून बघा.

गेल्या वर्षी हैदराबादच्या एका संशोधन संस्थेने मला बोलावलं. दोन वर्षांचं काम, नेमकं याच पद्धतीवर. माझे लेख वाचून त्यांनी स्वतःहून विचारलं होतं. याआधीही एकदा एका ठिकाणाहून असंच बोलावणं आलं होतं आणि मी ते आपोआप मरू दिलं होतं. कळवते म्हणाले, कळवलं नाही, त्यांनी दुसरं माणूस घेतलं.

यावेळी मी जेवताना बाबांना विचारलं, "बाबा, जाऊ का?"

"जाय न. मी कावून अडवीन तुले?"

"तुमी बी चला."

"तिथं काय करू मी? तेलुगूत कोनाशी बोलू?" मग वरण ओढून घेत, "माह्याकडं पाहू नोको. तू तुहं पाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बीपीचं मशीन काढलं. आमच्या घरात ते मशीन देवघराखालच्या फडताळात असतं आणि एरवी महिनोन्‌महिने त्याला कुणी हात लावत नाही. पट्टा स्वतःच दंडाला बांधून त्यांनी मला हाक मारली. "हे पाय. वर गेलं." खरंच वर गेलं होतं. यात नाटक नव्हतं, हीच तर पंचाईत. नाटक असतं तर मी भांडले असते. मी कॉलेजला दांडी मारली, त्यांना डॉक्टरकडे नेलं, डॉक्टर म्हणाले काही विशेष नाही, गोळी बदलू. आठवडाभर हैदराबादचा विषय निघाला नाही, तेव्हा मशीन परत फडताळात गेलं.

असं तीनदा-चारदा झालं. मी विचारायचं "जाऊ का?", त्यांनी म्हणायचं "जाय न", आणि सकाळी दंडाला पट्टा. मला राग यायचा. इतका राग यायचा की स्कूटी चालवताना मी हेल्मेटच्या आत मोठ्याने बोलायचे. आणि संध्याकाळी घरी आले की ते गेटपाशी उभे असायचे, हातात सुपेल्याच्या बाजारातून आणलेले पेरू, मला आवडतात तसे कडक. राग कुठे ठेवायचा ते कळायचं नाही. ज्याच्याशी भांडता येतं अशा माणसाकडून सुटता येतं. पेरू घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाकडून कसं सुटायचं?

घर तसं चांगलं आहे. प्लांटचं क्वार्टर सोडल्यावर बाबांनी हौसेने बांधलं. पण त्या दिवसांत मला ते दिवसेंदिवस लहान होत चालल्यासारखं वाटायला लागलं. सकाळी प्लांटचा भोंगा झाला की बाबांची खोकण्याची वेळ, मग माझा चहा, मग त्यांचा पेपर, मग माझी स्कूटी, जुनवानी, परत कोहका. कोणता दिवस चालू आहे हे डब्यातल्या भाजीवरून ओळखायचं. मी चाळिशी ओलांडली होती आणि 'जाऊ का' असं विचारत होते. हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं तर काय सांगायचे ते तुम्हाला ठाऊकच आहे.

हैदराबादच्या संस्थेतल्या बाईंचा शेवटचा फोन आला तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवा, त्यानंतर आम्हाला थांबता येणार नाही. तो शुक्रवार होता. दुपारी कॉलेजात सगळे गेल्यावर मी कॉम्प्युटरवर नेहमीचं काम चालवलं आणि वर ती ओळ आली. उत्तरात बदल नसल्यामुळे वगळली. आज मी ती पूर्ण वाचली. दूर कुठल्या तरी राज्यातली ही माणसं, वर्षानुवर्षं दारात बसून ठीक, ठीक, ठीक म्हणत आलेली. त्यांच्या घरी काय काय घडलं असेल. किती जणींचं उत्तर चुलीपाशी असताना कुणी दुसऱ्यानेच दिलं असेल. आणि आमच्या घरच्या सर्व्हेवर काम करणारा कुणीतरी, माझ्यासारखाच, कुठेतरी बसून हीच ओळ बघत असेल आणि तिच्यात मी असेन. त्याची नजर माझ्यावरून खाली जात असेल. मला रडू आलं. कॉलेजच्या शिपायाने खोली बंद करायला डोकावलं, तेव्हा मी सर्दी झाल्याचं सांगितलं.

रविवारी सकाळी सर्व्हेची मुलगी आली.

यंदाची नवी होती, उतईची, बसने आली होती. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र, पायात मोजे आणि चपला. बाबांनी तिला बसवलं, आणि मी सवयीने स्वयंपाकघरात गेले, पातेलं ठेवलं. बाहेर खोल्या झाल्या, पाणी झालं, आजारपणं झाली. बाबांनी बीपीची गोष्ट सविस्तर सांगितली. मग तो प्रश्न आला. बाबा म्हणाले, चल रहा है. तिने पाचही पर्याय पुन्हा वाचून दाखवले आणि बाबांनाच निवडायला लावलं. त्यांनी जरा चिडून म्हटलं, "ठीक-ठाक." मग लगेच, "इसका भी वही लिख दो."

"नहीं बाबूजी," ती मुलगी म्हणाली. "दीदी से मैं पूछूँगी. और अकेले में पूछना है. ट्रेनिंग में ऐसा ही बोले हैं."

"अकेले में क्यों? हम बाप-बेटी हैं."

मी गॅस बंद केला. दूध अजून वर आलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा बाबा खुर्चीतून अर्धे उठलेले होते, त्यांना कळत नव्हतं की आपल्याच घरात आपण कुठल्या खोलीत जायचं. त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. त्या मुलीला म्हटलं, राहू दे, मी इथेच सांगते, त्यांच्यासमोरच. बाबांना म्हटलं, "बसा तुमी."

मी त्यांच्यासमोरच्या वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसले. मुलीने प्रश्न वाचला. पाच उत्तरं वाचली. इतकी वर्षं मी हे पाच शब्द मोजत आले आणि मला पहिल्यांदाच कुणी तोंडावर विचारत होतं. बाप चांगला, डोक्यावर छप्पर, हातात काम. तक्रार कशाची करायची? मधलं उत्तर अगदी जिभेवर होतं, त्याला काही कष्टच पडत नव्हते. मग आईचा विचार आला. ती त्याच मोढ्यावर बसून मधलं उत्तर देऊन गेली आणि गेली ती गेलीच. तिचं खरं काय होतं ते मला कधीच कळणार नाही.

"असंतुष्ट," मी म्हणाले.

मुलीने बोट टेकवलं. बाबांच्या मांडीवरचा पेपर खाली घसरला. त्यांनी तो उचलला नाही.

"कावून?" त्यांनी मराठीत विचारलं. रागाने नाही. खरोखर माहीत नसल्यासारखं.

"मले जायचं हाय, बाबा."

'जाऊ का' नव्हे. हे वाक्य माझ्या तोंडून निघाल्यावर मलाच ते नवीन वाटलं. मी हात मांड्यांखाली दाबून बसले. मी त्यांच्या दंडाकडे बघत होते, आता उठतील आणि फडताळाकडे जातील म्हणून. ते उठले नाहीत. खिडकीबाहेर शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गादी वाळत घालत होतं, तिकडे बघत राहिले.

मुलीला काय करावं ते सुचेना. मराठी तिला पुरती कळली नसावी, पण काहीतरी झालंय एवढं तिला समजलं होतं. तिने घसा साफ केला आणि घाईघाईने शेवटचा प्रश्न वाचला. तो दरवर्षी असतो, कारण पुढच्या वर्षी त्यांना हीच माणसं परत शोधायची असतात. अगले साल आप लोग इसी पते पर मिलेंगे? आजवर बाबा त्यावर हसून म्हणत आले होते, यहीं मिलेंगे, और कहाँ जाएँगे.

या वेळी ते हसले नाहीत. मुलगी टॅबलेटवर बोट धरून बसली होती. मला वाटलं, आता ते दोघांचं मिळून सांगतील आणि मग मला पुन्हा तोंड उघडण्याचं बळ राहणार नाही.

"मैं मिलूँगा," बाबा म्हणाले. मग थांबून, "इसका इसी से पूछो."

मुलगी माझ्याकडे वळली. मी म्हणाले, हैदराबाद. तिने ते लिहिलं आणि पूर्ण पत्ता विचारला, पिनकोडसकट. मी म्हणाले, अभी मालूम नहीं.

"मालूम पड़ेगा तो बता देगी," बाबा म्हणाले. ते उठले, खाली पडलेला पेपर उचलून खुर्चीवर ठेवला आणि आत जायला लागले. मीही सवयीने उठले, कारण चहा अर्धवट राहिला होता.

"तू बस," ते म्हणाले. "मी ठेवतो."

आत लायटर दोन-तीनदा खटखटला, मग गॅस पेटल्याचा आवाज आला. मग डब्यांची झाकणं उघडायला लागली, एकामागून एक. बराच वेळ.

"अवं, साखर कुठं ठेवून राहिली तू?"

मी मोढ्यावरून उठले होते. पुन्हा बसले.

"वरच्या फळीवर, बाबा," मी बसल्या जागेवरून सांगितलं. "तुमच्या डाव्या हाताले."